भरतीच्या वेळा फक्त पावसाळ्यातच का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत दादरच्या एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. मुंबईच्या कुठल्याही किनाऱ्यावर कुणालाही पाण्यात उतरू देऊ नये, वर्षभर सरसकट बंदी घालावी आणि जो उतरेल त्याच्याकडून दंड वसूल करावा, असं त्यांचं म्हणणं. दर पावसाळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या वाचून कुणाचंही डोकं फिरेल, तसं त्यांचं फिरलं असणार. राग कळतो. पण त्यांच्या हिशेबानं दंड भरणाऱ्यांच्या रांगेत मला पुढेच उभं राहावं लागेल, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी माहीमला राहते. टपाल खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. नातवाला शाळेत सोडणं, गुडघ्याचे व्यायाम, भजनी मंडळ हे सगळं यथास्थित चालू असतं. त्याखेरीज पाऊस ओसरून समुद्र निवला की आम्ही काही जण मिळून समुद्रात पोहतो. टोळीत वरळी कोळीवाड्यातले एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे तांडेलच म्हणतात. आयुष्य होडीवर गेलं. आता होडी मुलगा चालवतो आणि हे आम्हाला हाकतात. एक कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई आहेत. (समुद्रात पोहणाऱ्यांच्या टोळीत कानाचा डॉक्टर असणं हा केवढा योग, ते पोहणाऱ्यालाच कळेल.) गणिताचे एक मास्तर आहेत, आणि त्यांचा इंजिनियरिंगला असलेला भाचा. त्याचं नाव धाकटा. तो आमच्या दुप्पट वेगानं पुढे जातो, मग मागे फिरून येतो आणि विचारतो, ‘काकू, बरंय ना?’ बरं नसतं तरी त्याच्यासमोर सांगवत नाही.

पोहायला मी शिकले सातारा जिल्ह्यातल्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून. काठावरून ढकलायला आत्या. लग्न होऊन मुंबईत आल्यावर तलाव धरला, शिवाजी पार्कचा, पालिकेचा. तलावाला मी नावं ठेवत नाही. तिथे नेमानं पोहून अंगात दम आल्याशिवाय कुणी समुद्राचं नावसुद्धा काढू नये. पण तलाव म्हणजे सुरक्षित आणि समुद्र म्हणजे मरण अशी सरळ वाटणी करणाऱ्यांना एवढीच आठवण करून देते, की ऑक्टोबर २०२३ मध्ये याच तलावात मगरीचं पिल्लू सापडलं होतं. समुद्रात मला अजून मगर भेटलेली नाही.

आता मुद्द्याचं. पाण्यात कधी उतरायचं हे आम्ही वार बघून ठरवत नाही, तिथी बघून ठरवतो. तांडेलांनी सगळ्यात आधी शिकवलं ते हे गणित. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पुरी भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा: सकाळी सहाच्या आगेमागे एक आणि संध्याकाळी साधारण साडेसहाला दुसरी. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते, त्यातून हा ठोकताळा निघाला. मास्तरांचा आधी विश्वास बसेना. त्यांनी छापील तक्ते आणून महिनाभर ताडून पाहिलं. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण होडी काढायला तेवढा पुरतो. माझ्या वडिलांनी माझ्याकडून पाऊणकी घोकून घेतली होती, तिचा उपयोग मला साठी उलटल्यावर झाला.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. तेव्हा मुंबईत भरती भरदुपारी आणि मध्यरात्री येते, आणि सकाळी सहाला समुद्र पार आत गेलेला असतो. जुहूला चालून चालून पोटऱ्या भरून येतात तरी पाणी गुडघ्याच्या वर चढत नाही. मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ दीड मजला. एवढं पाणी सहा तासांत आत यायचं आणि सहा तासांत बाहेर जायचं म्हटल्यावर ते धावणारच. अष्टमीपासून दशमीपर्यंत मात्र भांग असतो. पाणी चढतंही कमी, उतरतंही कमी, ओढ मंद. शिवाय याच दिवसांत भरती उजाडता उजाडता येते. पोहणाऱ्याला आणखी काय हवं? मी भिंतीवरच्या कालनिर्णयात महिन्याच्या दोन्ही अष्टम्यांवर पेन्सिलीनं खुणा करून ठेवते. शेजारीण एकदा कौतुकानं म्हणाली, ‘अष्टमीचा उपास धरलात वाटतं.’ मी हो म्हटलं. पोहायच्या आधी काही खात नाही, तेव्हा ते खोटंही नाही.

हे एवढं विस्तारानं सांगते आहे, कारण बंदीची मागणी करणाऱ्यांना समुद्र बारा महिने चोवीस तास सारखाच वाटतो. तो तसा नसतो. उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या तोंडाशी असलेलं पाणी आणि भांगाच्या भरतीला पाऊण तास थबकलेलं पाणी, यांना एकच नियम लावणं म्हणजे उन्हाळ्यात छत्री नेली नाही म्हणून दंड करण्यातला प्रकार.

जुहूला आम्ही अंधार असतानाच पोचतो. तांडेल लगेच कुणाला उतरू देत नाहीत. वाळूतली एखादी सुकी काडी किंवा नारळाची शेंडी उचलतात, गुडघाभर पाण्यात जाऊन टाकतात आणि तिच्याकडे बघत उभे राहतात. काडी वर्सोव्याकडे सरकते की खारकडे, किती वेगानं सरकते, किनाऱ्याला येते की बाहेर ओढली जाते. तेवढ्या वेळात कुणी बोललं तर त्यांना खपत नाही. मग हातानं दिशा दाखवतात. जाताना पाण्याच्या उलट जायचं, येताना पाण्याबरोबर यायचं. दमल्यावर पाण्याशी भांडण नको. किनाऱ्याला समांतर पोहायचं, जोडी सोडायची नाही. मास्तर सोबत असतील तर त्यांच्या गप्पा थांबायची वाट बघायची, हा नियम माझा.

तयारी फार नसते. काखेत, मानेभोवती आणि कपड्याची शिवण जिथे जिथे घासते तिथे व्हॅसलीन. खारं पाणी आणि घासणारी शिवण एकत्र आली की मानेवर जे वळ उठतात ते चार दिवस साबण लावू देत नाहीत. प्रत्येकाच्या कमरेला दोरीनं बांधलेला नारिंगी फुगा. होडीवाल्याला किंवा वॉटर स्कूटर उडवणाऱ्या पोरांना पाण्यावरचं काळं डोकं दिसत नाही, नारिंगी फुगा लांबून दिसतो. गोळा आला तर त्याला धरून पडूनही राहता येतं. बायकांसाठी कपडे बदलायला किनाऱ्यावर धड आडोसा नाही, त्याबद्दल लिहायला बसले तर वेगळं पत्र होईल. सध्या तीन ठिकाणी बटणं लावलेला एक जुना गाऊन आणि डॉक्टरीणबाईंची गाडी यांवर भागतं.

आणि मग पाणी. मुंबईचं पाणी मातकट. खाड्यांचा गाळ भरती-ओहोटीनं सतत ढवळत असतो, त्यामुळे हात पुढे टाकला की कोपरापुढचा हात दिसत नाही. नजर लागते ती वर काढल्यावरच. दर दहा-बारा हातांनी डोळे पाण्याबाहेर काढून किनाऱ्यावरची एखादी इमारत हेरायची, पुन्हा तोंड पाण्यात. कानांना मात्र खूप काही मिळतं. कुठल्यातरी होडीचं इंजिन लांब कुठेतरी धडधडतं ते पाण्याखाली अगदी उशाशी ऐकू येतं. उताणं पडलं की पश्चिमेकडे उडालेली विमानं डोक्यावरून जातात. एरवी जुहूत त्यांच्या आवाजानं बोलणं थांबवावं लागतं. कान पाण्याखाली असले की तोच आवाज घशातल्या घशात येतो आणि पोटाखालचा लाल दिवा तेवढा लुकलुकताना दिसतो. अंगाला काहीतरी हळूच लपेटलं की काळजाचा ठोका चुकतो. बहुतेक वेळा ती निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी असते. आत फुलं तशीच.

वर्षातून एकदा आम्ही कोकणकन्येनं कुडाळला उतरतो आणि मालवण गाठतो. चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते. शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे एकाच वाळूवर अंगाला तेल-व्हॅसलीन चोपडत बसलेले असतात. तिथलं पाणी बघून डॉक्टरीणबाई पहिल्यांदा पोहायच्याच थांबल्या. मी घाबरून जवळ गेले तर म्हणाल्या, ‘अहो, मला माझे पाय दिसतायत.’ मुंबईकराची ही अवस्था. स्पर्धा झाल्यावर एका घरगुती खानावळीत तांडेलांनी सुरमई परत पाठवली, कालची आहे म्हणून. बाईंनी वाद घातला नाही, थेट आत जाऊन बांगडे तळून आणले.

मुंबईतली मानाची स्पर्धा म्हणजे संक रॉकच्या दीपगृहापासून गेटवेपर्यंतची, पाच किलोमीटरची. दीपगृह बंदराच्या तोंडाशी आहे, म्हणून भरती आत शिरत असताना पोहणाऱ्यांना सोडतात; पाणीच तुम्हाला शहराकडे आणतं. लाँचवरून उडी मारताना डिझेलचा वास नाकात आणि समोर ताजचा घुमट. तो घुमट हेरून पोहायचं. कितीही हात मारा, तो तेवढाच राहतो, आणि मग एका क्षणी एकदम खिडक्या मोजता येतात. गेटवेच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, पाय ठरत नाही. मी चार पायांवर वर चढत असताना पर्यटकांचे फोटो काढणाऱ्या एका पोरानं विचारलं, ‘मॅडम, फोटो? पाठी गेटवे पूर्ण येईल.’ मी तो काढून घेतला. घरात लावलेला आहे.

पण मला सांगायची आहे ती धाकट्याची रात्र. धरमतर ते गेटवे, सुमारे छत्तीस किलोमीटर. हे अंतर पोहून आलेली पुष्कळ मुलं-मुली महाराष्ट्रात आहेत, त्यात कसला विक्रम नाही. पण सोबतच्या होडीत आपण बसलेलो असतो तेव्हा जगातला पहिलाच पोहणारा आहे असं वाटतं. ओहोटी लागली की धरमतरच्या खाडीतून पाणी बंदराकडे निघतं, त्याच्या पाठीवर बसून बाहेर पडायचं, असा बेत. अंधारात तो उतरला. होडीवर एक दिवा, त्याच्या टोपीला एक बारकी चमकती कांडी. पंच समोर वही घेऊन बसलेले. नियम असा की होडीला हात लावायचा नाही, कुणी त्याला हात लावायचा नाही. लावला की संपलं. मग खायला कसं द्यायचं? बाटलीला दोरी बांधायची आणि पाण्यात टाकायची. बाटलीत माझ्या हातची भाताची पेज, मीठ जरा पुढे. त्यानं उभ्यानं पाय मारत दोन घोट घ्यायचे, बाटली सोडायची, मी दोरी ओढायची.

पहाटेच्या सुमाराला त्यानं पेज ओकली. खाऱ्या पाण्यात तासन्‌तास तोंड असलं की जीभ सुजते, पोट काही घेत नाही. मास्तर, जे वर्गात कधी आवाज चढवत नाहीत, ते होडीच्या कडेवर ओणवे होऊन ‘सोड, वर ये’ म्हणून ओरडायला लागले. तांडेल काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त सुकाणूवाल्याला सांगून होडी वाऱ्याच्या बाजूला आणली, म्हणजे लाटांची थप्पड होडी खाईल आणि पोराला आडोसा मिळेल. डॉक्टरीणबाईंनी त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, सतराचा पाढा म्हणायला लावला. तो म्हणाला, ‘सतरा मला कोरड्यातही येत नाही.’ डोकं ठिकाणावर आहे, चालू द्या, असं बाईंनी सांगितलं. पुढे उजाडल्यावर बंदरातली मोठी जहाजं दिसायला लागली, मांडव्याच्या बोटी आमच्यापासून लांबून वळसा घालून गेल्या आणि एका बोटीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. धाकट्याला त्या ऐकू आल्या नाहीत. होडीत मास्तर रडत होते, ते त्यानं बघितलं नाही हे बरं झालं.

या सगळ्याला बंदर, पोलीस, नौदल, तटरक्षक अशा ठिकाणच्या परवानग्या लागतात, आणि लागायलाच हव्यात. ते जहाजांचं पाणी आहे. तिथे कुणी आपल्या मनानं उतरू नये याबद्दल दादरच्या गृहस्थांचं आणि माझं एकमत. पावसाळ्याबद्दलही एकमतच. जून ते सप्टेंबर आम्ही समुद्राला फक्त लांबून नमस्कार करतो. लाल बावटा लागला असताना, जीवरक्षक शिट्ट्या मारत असताना अक्सा-जुहूला पाण्यात शिरणाऱ्यांना खुशाल हुसकावून लावावं, दंडही करावा. बाटल्या घेऊन येणाऱ्यांना दुप्पट.

पण माणसं बुडतात ती कशी, हे बंदीच्या फलकावर कुठेच लिहिलेलं नसतं. लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेलं पाणी कुठूनतरी परत जाणारच. वाळूच्या दांड्यात जिथे फट असते तिथून ते जोरानं बाहेर धावतं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, फेस नसतो, पाणी आजूबाजूपेक्षा शांत दिसतं. पोहता न येणारा माणूस लाटांना भिऊन नेमका तिथेच उतरतो. अक्साला वाळू आणि खड्डे जागा बदलत राहतात, त्यामुळे काल कमरेएवढं पाणी होतं तिथे आज पाय टेकत नाही. ओढ लागली की माणूस सरळ किनाऱ्याकडे हात मारतो आणि पाच मिनिटांत संपतो. खरं म्हणजे त्या ओढीला रुंदी फार नसते. उताणं पडून तरंगायचं, एक हात वर करायचा, जमेल तसं आडवं सरकायचं. पट्टा संपला की लाटाच आत आणतात. काठावरच्यांनी मागून उड्या घेऊ नयेत. ओढण्या गाठी मारून फेका, पाण्याची रिकामी पाच लिटरची बाटली झाकण लावून फेका, पण जीवरक्षकाला हाक मारल्याशिवाय पाऊल टाकू नका. आणि बुडणारा माणूस ओरडत नाही. त्याला श्वास पुरत नसतो, ओरडणार कुठून? घोळक्यातलं एक पोर अचानक गप्प झालं की बघायचं.

तसंच डंखांचं. २०१३ साली गिरगाव चौपाटीवर गणपती विसर्जनाच्या वेळी कितीतरी जणांना पाकटांनी डंख मारले होते. पाकट वाळूत दबून बसतं. पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूतून घासत नेला की ते आधीच निघून जातं. कोळीवाड्यातल्या पोराला हे माहीत असतं. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणाऱ्या निळ्या जेलीफिशचा दोरा चिकटला तर वाळूनं चोळायचं नाही, नळाचं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्याच पाण्यानं धुऊन तो काढायचा आणि सोसेल तेवढ्या गरम पाण्यात तो भाग धरायचा. डॉक्टरीणबाईंनी मला हे लिहायला बजावलं आहे, कारण त्यांच्याकडे लोक लिंबू चोळून येतात.

घाणीबद्दल बोलले नाही तर पत्र अपुरं राहील. माहीमला राहून मी माहीमच्या किनाऱ्यावर उतरत नाही, कारण मिठी नदी तिथेच खाडीला मिळते आणि ती काय काय घेऊन येते ते नाकाला कळतं. जुहूलाही नाल्याचं तोंड टाळून, लांब जाऊन उतरतो, आणि अवकाळी पाऊस पडला तर पुढचे काही दिवस नाव काढत नाही. अंघोळीच्या समुद्री पाण्यासाठी सरकारी निकष आहे: शंभर मिलिलिटरमध्ये मैलापाण्यातले कोलिफॉर्म जिवाणू शंभरच्या वर नसावेत. प्रदूषण नियंत्रण मंडळ किनाऱ्यावरच्या पाण्याचे नमुने घेतंच. मग त्याचा आकडा जिथे भेळ खात लोक उभे असतात तिथे का लागत नाही? आकडा वाईट असेल तर आम्ही उतरणार नाही, एवढी अक्कल आम्हाला आहे. आकडा रोज डोळ्यांसमोर दिसला तर कदाचित तो सुधारावा असं आणखी चार लोकांना वाटेल. समुद्रात जाऊ नका म्हणणं हे सांडपाणी समुद्रात सोडू नका म्हणण्यापेक्षा फार स्वस्त पडतं, हा माझा खवचटपणा समजा.

मागे आम्ही एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो होतो. हिवाळ्यात, भांगाच्या सकाळी, सूर्योदयानंतर दोन तास, एका किनाऱ्यावर बोये टाकून पोहण्याचा एक पट्टा आखून द्या. तिथे वॉटर स्कूटर नको, एक जीवरक्षक असावा. एवढंच मागणं. समोरच्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, ‘स्पर्धा आहे का?’ नाही म्हटलं. ‘शूटिंग?’ नाही. ‘धार्मिक?’ नाही. ‘मग कशासाठी?’ तांडेल म्हणाले, ‘पोहायला.’ त्या कारणासाठी त्यांच्याकडे फाइल नव्हती. अर्ज ठेवून घेतला आहे.

मिहीर सेन १९५८ मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेले, पुढच्याच वर्षी आरती साहा गेल्या. १९८७ मध्ये आपल्या मुंबईच्या अनिता सूद साधारण सव्वाआठ तासांत पार झाल्या. पुण्याच्या रोहन मोरेंनी २०१८ मध्ये जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्यांची माळ पुरी केली, आणि पुण्याला समुद्र नाही. २०२३ मध्ये तीच माळ नवी मुंबईच्या प्रभात कोळींनी पुरी केली. अशा वेळी वर्तमानपत्रांत फोटो येतात, सत्कार होतात, शाली पांघरल्या जातात. ही माणसं सरावाला कुठे उतरतात असं सत्काराला आलेल्या पाहुण्यांना वाटतं कोण जाणे.

म्हणून, संपादक महाशय, बंदीचा आग्रह धरणाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा मी तुमच्याकडेच एक मागणं मागते. पावसाळ्यात तुम्ही साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांचे दिवस आणि वेळा ठळक चौकटीत छापता. त्या वेळेला जोराचा पाऊस असला तर नाल्यांचं पाणी समुद्रात जात नाही आणि हिंदमाता-मिलन सबवे भरतात, म्हणून. सप्टेंबर संपला की ती चौकट गायब होते. या शहराला भरती फक्त गुडघाभर पाणी तुंबल्यावर आठवावी का? जी माणसं गिरगावला नातवंडांना घेऊन जातात, गोराईला सहलीला जातात, हाजीअलीच्या वाटेवर उभी राहतात, मनोरीच्या तरीतून जातात, त्यांनाही भरती किती वाजता आहे हे कळायला हवं. वाट पाण्याखाली कधी जाणार, मुलाला कुठवर जाऊ द्यायचं, हे त्यावर ठरतं.

सूर्योदय-सूर्यास्ताची ओळ तुम्ही रोज छापताच. तिच्याखाली दुसरी ओळ टाका: भरती अमुक वाजता, इतके मीटर, ओहोटी अमुक वाजता, उधाण की भांग. बाराही महिने. तुम्ही छापायला लागलात की तीच ओळ किनाऱ्यावरच्या फलकावर खडूनं लिहायला जीवरक्षकाला कुणाची मंजुरी लागणार नाही. पाण्याचा आकडा आणि आखलेला पट्टा मिळवायला आम्ही त्या कचेरीत पुन्हा जाऊच, यंदा धाकट्याला पुढे घालून. तेवढी एक ओळ मात्र तुमच्या हातातली आहे. येत्या अष्टमीच्या आत सुरू केलीत तर फारच उत्तम.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
माहीम, मुंबई